रत्नागिरीच्या कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करताना एक वर्ष परदेशात शिकता येतं का?

हो, येतं, पण तुमच्या कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा परदेशी विद्यापीठाशी करार असेल तरच. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार ट्विनिंगमध्ये (काही शिक्षण इथे, काही परदेशी विद्यापीठात, डिग्री इथली) एकूण क्रेडिटपैकी जास्तीत जास्त ३० टक्के तिकडचे चालतात, म्हणजे चार वर्षांच्या डिग्रीत साधारण एक वर्ष. त्यामुळे कॅप राउंडचा (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म भरण्याआधीच कॉलेजात जाऊन कराराची सही झालेली प्रत बघा. माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नका. ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस हे विषय तिथल्या कोणत्या विषयांच्या बदल्यात धरणार, तेही निघण्यापूर्वी लेखी घ्या. खर्चाचं मात्र वेगळं आहे: उदाहरणार्थ, शिष्यवृत्ती नसेल तर जर्मनीच्या व्हिसासाठी सहसा सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवावे लागतात. आंब्याच्या एका हंगामावर एवढी रक्कम उभी राहील असं धरून चालू नका.