चोर्ला घाटात डिझेल गाडीचे इंजिन आपोआप वेग घेऊ लागले आणि किल्ली फिरवूनही बंद होईना, तर काय करावे?
क्लच व ब्रेक दाबून गाडी आधी कडेला थांबवावी, हँडब्रेक ओढावा, मग ब्रेक पूर्ण दाबून ठेवत सर्वांत वरचा गिअर टाकावा आणि क्लच झटकन सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडते. फोंड्यातील गॅरेजमध्ये अशी इंजिने उघडताना मला बहुधा टर्बोचे, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचे, सील झिजलेले आढळते. तेथून इंजिन ऑइल हवेच्या पाइपमध्ये उतरते आणि तेच जळू लागते, त्यामुळे किल्लीने डिझेल तोडूनही उपयोग होत नाही. मागे निळसर-पांढऱ्या धुराचा लोट उठणे ही त्याची ठळक खूण. ऑटोमॅटिक गाडीत मात्र हा उपाय चालत नाही. तेथे न्यूट्रल करून गाडी थांबवावी, हँडब्रेक ओढावा आणि सर्वांनी तातडीने उतरून दूर जावे, कारण इंजिन फुटू शकते.