उत्तर: आईची पहिली केमो, सोबत काय काय न्यावं?

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची, केमो डोळ्यापुढं आली. आईला घेऊन परभणीहून पहाटे निघायचं, दिवसभर सलाईन, रात्री परत, तर आरामासाठी पिशवीत काय भरू, असं विचारलंय तुम्ही. चादर, चार्जर, बदलायचे कपडे हे तुम्ही घेणारच, ते सांगत बसत नाही. मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मालकांचा कॅन्सर आतड्याचा होता. आईंचा कोणता ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून माझं सगळं जसंच्या तसं उचलू नका.

माझ्या मते पेशंटचे खरे हाल सलाईन लागायच्या आधीच होतात, कागदाच्या खिडकीपुढं. मालकांच्या रेशनकार्डावर नावाला 'राव' लागलेलं, आधारवर नाही. सरकारी मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेच्या खिडकीवरच्या माणसानं सकाळी कागद घेतले आणि बसा म्हणाला. बसलो. पाठ टेकायला जागा नाही, मालक माझ्या खांद्यावर डोकं टाकून. दुपारी विचारलं तर सर्व्हर डाऊन. चार वाजता म्हणतो, नाव जुळत नाही, प्रतिज्ञापत्र करून आणा. अहो, हे सकाळी कागद हातात घेतल्यावर दिसलं नव्हतं का? प्रतिज्ञापत्र घेऊन गेलो तर खिडकीत दुसराच माणूस. तो म्हणे हे चालत नाही, आधार दुरुस्त करून आणा. यात केमोची तारीख टळली. डॉक्टर म्हणाले आता लांबवू नका, तेव्हा भाव पडलेला असताना घरातलं सोयाबीन आडतीवर घातलं आणि पहिला डोस पैसे भरून घेतला. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्याच सिस्टर लोकांनी पुढं लई जीव लावला. योजनेबद्दलही तक्रार नाही, नंतरचे डोस तिच्यातच झाले. पण त्या खिडकीचा राग अजून जात नाही. मराठवाड्यात निम्म्या म्हाताऱ्यांच्या नावाला कुठं राव आहे, कुठं बा आहे, कुठं बाई आहे. हे त्या खुर्चीत बसणाऱ्याला पहिल्या दिवशीच सांगता येत नाही?

तेव्हा आज रात्रीच आईंचं रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून बघा. बायोप्सी, स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट, सगळ्यांचे झेरॉक्सचे दोन संच करा. कुणी काही कमी आहे म्हणालं तर काय कमी आहे ते कागदावर लिहून मागा. आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला गाठा, तिथं दाद लागली नाही तर योजनेच्या 155388 या नंबरवर फोन लावा. आणि माणसं दोन न्या. एक खिडकीवर, एक आईंजवळ. एकट्यानं दोन्ही होत नाही.

अजून एक, पुढच्या डोसांसाठी. दर वेळी आधी रक्त तपासतात, पेशी कमी असल्या की डोस पुढं ढकलतात. ही तपासणी एक-दोन दिवस आधी परभणीतच करून रिपोर्ट पाठवला तर चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. हो म्हणाले तर फुकटची खेप वाचते.

आता पिशवी. आधी औषधाचं नाव विचारून घ्या, कारण त्यावर पिशवी बदलते. मालकांना ऑक्झॅलिप्लॅटिन होतं. त्यात गार वस्तू बाधते. गार पाण्याचा घोट घेतला की घशात काटे टोचल्यागत व्हायचं आणि श्वास अडकल्यासारखं वाटायचं. फ्रिजमधला पेला हातात धरला की बोटांना मुंग्या. ऐन मे महिन्यात, बाहेर बेचाळीस अंश, आणि हा माणूस हातमोजे घालून थर्मासमधलं कोमट पाणी पितोय. बघायला येणारा प्रत्येक पाहुणा मात्र बर्फाचं सरबत पुढं करणार! त्यामुळं आमच्या पिशवीत हातमोजे, पायमोजे, कानटोपी, थर्मास आणि एक जुनी वाकळ असायची. वॉर्डातल्या एसीला विकतच्या पातळ ब्लँकेटचा काही उपयोग नाही, हे माझं ठाम मत. याच्या उलट, काही औषधांत तोंड येऊ नये म्हणून सलाईन चालू असताना बर्फ चोखायला सांगतात. शेजारच्या पलंगावर बर्फ दिसला म्हणून आईंना देऊ नका.

खाण्याचं माझं म्हणणं बऱ्याच जणांना पटत नाही. लोक म्हणतात, आवडीचं करून न्या. मी म्हणते, त्या दिवशी आवडीचं अजिबात नको. मळमळीच्या दिवशी जे खाल्लं त्याचीच शिसारी बसते. मालकांचा जीव धपाट्यांवर होता. पहिल्या डोसाला डब्यात धपाटे आणि दही होतं, आता घरात धपाटे थापले तरी ते अंगणात जाऊन बसतात. ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, आलेपाक, मऊ भात असं साधं न्या, थोडं थोडं द्या. तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी चमचा वापरून बघा. आणि कृपा करून वॉर्डात तळलेलं उघडू नका, शेजारच्याला उलटी होते.

आईंच्या हातातल्या काचेच्या बांगड्या घरीच काढून ठेवा. दवाखान्यात ऐनवेळी काढताना बाया रडतात, मी पाहिलंय. झंपर सैल बाहीचा हवा, छातीला पोर्ट, म्हणजे औषध सोडायला कातडीखाली ठेवतात ती छोटी डबी, बसवला असेल तर पुढून बटणाचा. स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सुई नको, हे सिस्टरला दर वेळी सांगायचं. सलाईनच्या जागी आग झाली, सूज आली तर लगेच हाक मारा. आपल्याकडच्या बाया 'होईल थोड्या वेळानं कमी' म्हणत सोसतात, म्हणून तुम्हीच मधून मधून विचारत राहा. लाल रंगाचं औषध असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो.

रेल्वेनं जाणार असाल तर दवाखान्याकडून सवलतीचा फॉर्म भरून घ्या. स्लीपर आणि थ्री टायर एसीत कॅन्सरच्या पेशंटला भाडं माफ आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत आहे.

घरी थर्मामीटर ठेवा, कपाळाला हात लावून ताप बघू नका. डोसानंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात. तेव्हा 100.4 च्या वर ताप गेला तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखान्याला फोन करून निघायचं. गावातून रात्री कुणाची गाडी मिळेल ते आत्ताच बोलून ठेवा, आणि त्या गाडीवाल्याचा नंबर आईंच्या फोनमध्येसुद्धा टाका.