पेटी उघडली का?

मागच्या अंकात ओघात लिहून गेले की ४८ व्या वर्षी मी पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकायला बसले. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली तीन इथे घेते.

"बाई, नमस्कार. वय ५१. दारव्हा तालुक्यात आठ एकर वावर आहे, कापूस अन् तूर. गावच्या भजनी मंडळात बावीस वर्षांपासून टाळ वाजवतो. आमचे पेटीवाले आजोबा पोराकडे पुण्याला गेले, तेव्हापासून पेटी देवळाच्या कपाटात पडून आहे. यंदाचा काकडा नुसत्या टाळ-मृदंगावर झाला. सगळे म्हणतात, तू शीक. चार दिवस बसलो, पण आपलंच वाजवणं ऐकून लाज वाटते. पोट्टे खिदळतात ते वेगळंच. या बोटांनी आता काय शिकणं होते?"

भाऊ, तुम्हाला लाज वाटली हे वाचून मला बरं वाटलं. रागावू नका. माझ्या अंगणवाडीत चार वर्षांचं पोरगं डब्यावर चमचा बडवत अर्धा तास खुशीत बसतं, कारण आपलं चुकतंय हे त्याला ऐकूच येत नाही. तुम्हाला आलं. बावीस वर्षं पेटीच्या शेजारी बसून तुमचा कान पिकलाय आणि हात परवा जन्मला. मोठेपणी शिकणाऱ्याची खरी अडचण ही आहे, बोटं नंतर. बहुतेक जण इथेच पेटी मिटतात आणि नाव वयाचं घेतात.

मला शिकवायला शेजारच्या गावचा तेवीस वर्षांचा मुलगा यायचा. त्याचा शेंबूड मी अंगणवाडीत पुसलेला. आता तो मला म्हणायचा, "बाई, बोट उचला. बाई, भाता झोपला." पहिले आठ दिवस त्याने मला फक्त सा दिला. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताचं एक बोट, बस. भाता ओढला की सूर फुगायचा, थांबला की बसायचा. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं वं, बकरी सुटली का?" मी हसले खरी, पण त्या रात्री पेटीवर चादर टाकून तिच्याकडे पाठ करून झोपले.

नवव्या दिवशी सा सरळ निघाला. काय बदललं ते सांगते. पाठीवरचा फवारणीचा पंप आठवा. दांडा दणादणा हाणला तर हात भरून येतो आणि फवारा तरी तुटकच पडतो. दांडा एका चालीत हलला की आत दाब टिकतो आणि फवारा एकसारखा येतो. पेटीच्या पोटातही स्प्रिंगवर बसलेला दुसरा भाता असतो. आपण बाहेरच्या भात्याने तो भरतो आणि सुरांना हवा तो देतो. म्हणून थोडंथोडं, न थांबता. हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर जमेल, पंप तुम्ही जन्मभर मारलाय.

आता पट्टी, म्हणजे सा कुठल्या पट्टीवर धरायचा ते. सप्तकातल्या, म्हणजे सात सुरांच्या एका फेरीतल्या, पट्ट्या डावीकडून मोजतात: दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी ती पांढरी एक, त्या जोडीतली पहिली काळी ती काळी एक. आजोबांची पेटी उजेडात धरून पाहा. ते ज्या पट्टीत वाजवायचे तिचा सा झिजून वेगळा दिसेल. पुरुषांचं मंडळ पुष्कळदा काळी एकमध्ये गातं, तुमचंही तेच असेल तर नशीब समजा. शिकाऊ माणसाला सगळे पांढरी एकवरून सुरू करायला लावतात, कारण तिथे सातही शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात आणि समजायला सोपं जातं. पण आपल्यासारख्या ताठ हाताला काळी एक जास्त मानवते, असं माझं मत आहे. काळ्या पट्ट्या उंच असतात आणि लांब बोटं आपसूक त्यांच्यावर जातात. सा काळी एकवर तर्जनीने, रे काळी दोनवर मधल्या बोटाने, ग पांढरी चारवर अंगठ्याने. पुन्हा म काळी तीनवर तर्जनी, प काळी चारवर मधलं, ध काळी पाचवर अनामिका, नि पुढच्या सप्तकातल्या पांढरी एकवर अंगठा आणि वरचा सा परत तर्जनीने. अंगठा दोनदाच लागतो, दोन्ही वेळा पांढऱ्यावर. करंगळीला सुट्टी. पंधरा दिवस हे एवढंच, वर आणि खाली.

कंटाळा आला की एक गंमत करा. काळी तीनला सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवत वर जा. सा रे ग प ध, म आणि नि नाहीतच. हा भूप राग. पांढऱ्याला हातच लावायचा नसल्याने चुकायला जागा उरत नाही. मला हे सापडलं त्या संध्याकाळी दिवाबत्ती विसरले होते.

बोटांचं म्हणाल तर वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात, हे मला सांगू नका, माझ्याही फाटतात. रात्री खोबरेल तेल लावा आणि त्या दिवसांत पंधरा मिनिटांवर बसू नका. पण रोज बसा. आठवड्यातून एकदा तीन तास बसलेल्याची बोटं दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतात.

कपाटातली पेटी आधी तपासा मात्र. मी पहिली पेटी जुनी घेतली, तालुक्याच्या दुकानातून. दुकानदाराने स्वतः वाजवून दाखवली, मी भुलले. घरी आणली तर दोन सूर न दाबता वाजायचे आणि भात्याच्या घडीत उंदरांनी घर केलेलं. तो म्हणाला, विकलेला माल परत घेत नाही. तुम्ही असं करा: पुढच्या बाजूच्या, हवा सोडायच्या खुंट्या ओढा, एकही पट्टी न दाबता भाता मारा. काही वाजलं तर ती पट्टी नीट बसत नाही. मग चार-पाच वेळा भाता मारून हात काढा, एकच पट्टी दाबा आणि सूर किती वेळ टिकतो ते मोजा. लगेच मेला तर हवा कुठून तरी जातेय. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात, ते पाऊस संपला की बहुधा आपोआप सुटतं. तासायला जाऊ नका.

पोट्ट्यांचं काय करायचं? त्यांच्यातल्या एकाला भाता मारायला बसवा. खिदळणं बंद होईल.

"बाई, वय ४४, कारंज्याजवळच्या गावातून लिहिते. मोबाईलवर व्हिडिओ पाहून पेटी शिकते. नेटवर्क गच्चीवरच येते, म्हणून पेटी गच्चीवर नेते. शिकवणारे सर दाखवतात तसंच वाजवते, पण गायला लागले की आवाज खाली घरघरतो. माझा आवाजच खराब आहे का? घरचे म्हणतात, या वयात हे काय काढलं."

ताई, आवाज चांगला आहे, पट्टी परक्याची आहे. पुरुष काळी एकमध्ये गातो तिथे बाईचा गळा पुष्कळदा खोल विहिरीत उतरल्यासारखा होतो. बायकांना पांढरी चार, पांढरी पाच, काळी चार अशा वरच्या पट्ट्या लागतात. भांडी घासताना तुम्ही आरती गुणगुणता ना, ती थांबवा आणि जिथे आरामात थांबता येतं तो सूर धरून ठेवा. तसाच आवाज लावत पेटीपाशी जा आणि एकेक पट्टी दाबून तो शोधा. तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी करा. जी पट्टी पुन्हा पुन्हा निघेल, ती तुमची. मग सरांचा व्हिडिओ बोटांसाठी पाहा, सुरासाठी नको. आणि तो समोरून काढलेला असेल तर पट्ट्या उलट्या दिसतात. मी त्यात एक आख्खा आठवडा घालवला. वरून किंवा खांद्यामागून काढलेला शोधा.

घरच्यांना उत्तर देत बसू नका. ते गच्चीवर येत नाहीत, हे चांगलंच आहे.

"वय ५७. पुसद भागात शिक्षक आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. पेटीची परीक्षा या वयात देता येते का? की हसू होईल?"

सर, येते. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हापासून गाणं घराण्याबाहेरच्या माणसालाही शाळेसारखं पायरीपायरीने शिकता येऊ लागलं. आज अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, पुढे प्रवेशिका, मध्यमा, विशारद. वरच्या वयाची अट नाही. सत्रं दोन, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. दुसरं सत्र आपल्याकडे नेमकं वेचणीत येतं, पण तुम्हाला त्याची चिंता नसावी. जवळचं केंद्र कुठलं ते आधी विचारून घ्या. शेजारी दहा वर्षांची मुलं बसलेली असतील आणि ती तुम्हाला "आजोबा, तुमचा नंबर आला" म्हणतील, तेवढी तयारी ठेवा.

मी उन्हाळ्याच्या सत्रात प्रारंभिकला बसतेय. तुम्ही अर्ज भरलात तर कळवा, तोंडी प्रश्न एकमेकांना विचारून पाहू.