क्रीडाविज्ञान शिकायचंय? कोल्हापूरकरांचे प्रश्न

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून पालकांच्या प्रश्नांचा सूर बदललाय. ‘खेळून काय मिळणार?’ असं विचारणारे आता ‘खेळाचं शिक्षण कुठं मिळतं?’ असं विचारतात. अशा पत्रांतले काही प्रश्न आज घेते.

बारावी सायन्सला आहे. पेठेच्या संघातून लेफ्ट विंगला खेळतो. करिअर फुटबॉलमध्येच करायचं म्हणून स्पोर्ट्स सायन्स घ्यायचं ठरवलंय. खेळ सुधारेल ना? (विद्यार्थी, मंगळवार पेठ)

खेळ सुधारण्यासाठी ही पदवी घेऊ नकोस. खेळ मैदानात सुधारतो. इथं तुला शरीराचा अभ्यास करायचा आहे, आणि तो विज्ञानाचा अभ्यास आहे. शरीररचना, शरीरक्रिया, बायोमेकॅनिक्स (हालचालींमागचं यंत्रशास्त्र), क्रीडामानसशास्त्र, आहारशास्त्र, संख्याशास्त्र. प्रवेश घेणाऱ्या अनेकांना वाटतं की निम्मा दिवस ग्राउंडवर जाईल. प्रत्यक्षात तो हाडांची आणि स्नायूंची नावं पाठ करण्यात आणि प्रयोगाची वही पूर्ण करण्यात जातो.

तुझ्याच जागेचं बघ. विंगर एका दमात कॉर्नरपर्यंत पळतो, चालत परत येतो, पुन्हा पळतो. त्या चार-पाच सेकंदांच्या धावेला लागणारी बरीचशी ऊर्जा स्नायूत आधीच साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून येते, आणि ती धाव ऑक्सिजनची वाट बघत नाही. पण दोन धावांच्या मधे तो साठा पुन्हा भरायचा असतो, तेव्हा ऑक्सिजन लागतोच. म्हणून सत्तराव्या मिनिटाला ज्याची धाव मंदावते त्याच्यात वेग कमी असतो असं नाही. बऱ्याचदा भरून काढण्याची ताकद कमी पडते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात साधारण १० ते १३ किलोमीटर अंतर कापतो, पण निकाल बहुतेक वेळा त्यातल्या थोड्याशा जोरकस धावांवर ठरतो. मग अशा खेळाडूची चाचणी सलग बारा मिनिटं पळवून घ्यायची, की थांबत-पळत होणारी यो-यो टेस्ट घ्यायची? का? दोन वेगळ्या दिवशी तोच खेळाडू वेगळा आकडा देतो, तर फरक खेळाडूचा की मोजमापाचा? हे प्रश्न वाचून पुढं वाचावंसं वाटलं असेल तर हा विषय तुझा आहे. कंटाळा आला असेल तर फुटबॉल खेळत राहा आणि पदवी दुसरी घे, त्यात काहीच कमीपणा नाही.

अजून एक. प्रॅक्टिकलला हजेरी लागते आणि शाहू स्टेडियमवरचे सामने दुपारी असतात. दोन्ही पूर्णपणे सांभाळणं अवघड जातं, हे आत्ताच घरी आणि मंडळात सांगून ठेव.

मुलगी म्हणते स्पोर्ट्स सायन्स, तिचे मामा म्हणतात बी.पी.एड. कर. फरक काय? आणि खेळाडूंच्या पाच टक्क्यांत तिला नोकरी लागेल का? आम्ही शेती करतो, फी बघून ठरवावं लागतं. (पालक, उचगाव)

फी बघून ठरवताय हे योग्यच आहे, म्हणून आधी गैरसमजाचं बोलते. सरकारी नोकरीतलं पाच टक्के समांतर आरक्षण खेळाडूंसाठी आहे. ते मैदानावरच्या कामगिरीच्या, पडताळणी झालेल्या प्रमाणपत्रावर मिळतं. क्रीडाविज्ञानाच्या पदवीवर ते मिळत नाही. प्रवेशाच्या वेळी कुणी तसं सांगत असेल तर तिथून उठून या.

आता फरक. बी.पी.एड. हा पदवीनंतर करायचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि तो शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होण्यासाठी आहे. एनसीटीईची, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, मान्यता बघूनच कॉलेज निवडायचं. एखाद्या खेळाचा प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा हा जुना आणि सर्वत्र मानला जाणारा रस्ता. ती संस्था १९६१ पासून आहे, आपल्याकडे सगळे ‘एनआयएस केलं’ असंच म्हणतात. दुखापतीवर उपचार करायचे असतील तर फिजिओथेरपी, आणि त्यासाठी नीट द्यावी लागते. क्रीडाविज्ञान या तिन्हींहून वेगळं. इथला माणूस मोजतो, तपासतो आणि प्रशिक्षकाला सांगतो की या मुलीला आज भार वाढवा, त्या मुलीला विश्रांती द्या. त्याला उपचार करायचा अधिकार नाही.

नोकऱ्या आहेत. भारतीय क्रीडा प्राधिकरण शरीरक्रिया, बायोमेकॅनिक्स, आहार, मानसशास्त्र, स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग (ताकद आणि दम वाढवणं) अशा विषयांतली माणसं घेतं. क्लब, खासगी अकादमी, नेमबाजी आणि ॲथलेटिक्सची केंद्रं घेतात. पण तीन गोष्टी गृहीत धरा: बहुतेक ठिकाणी नुसत्या पदवीवर भागत नाही, एम.एस्सी. लागते, बऱ्याच जागा कंत्राटी असतात, आणि काम कोल्हापुरात कमी, बाहेर जास्त. म्हणजे खर्च पाच वर्षांचा धरायचा, तीनचा नाही. हे झेपणार नसेल तर मुलीला इथल्याच कॉलेजात झूलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करू द्या, घरी राहून, कमी फीत. पुढं एम.एस्सी.ला क्रीडाविज्ञानाकडे वळता येतं. माझ्या मते मध्यमवर्गीय आणि शेतकरी घरांसाठी हाच शहाणा मार्ग आहे. मामांना सांगा, बी.पी.एड.चा रस्ताही त्यानंतर बंद होत नाही, फक्त त्या प्रवेशासाठीच्या खेळाच्या अटी आधी वाचून ठेवा.

लहानपणापासून तालमीत आहे, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. वस्ताद म्हणतात, मशिनीवर पळून कोण पैलवान होत नसतो, आमच्या वेळी कुणी ऑक्सिजन मोजला होता? मला हे शिकायचंय, पण त्यांचं मन मोडायचं नाही. (पैलवान, शाहूपुरी)

या पत्रानं मला खूप आनंद झाला, कारण कोल्हापुरात हा विषय रुजायचा असेल तर तो तालमीतूनच रुजेल.

वस्तादांचं म्हणणं मनापासून ऐक. खासबागचं मैदान १९१२ चं आहे. खाशाबा जाधव इथं शिकले, इथं घडले, १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले. तेव्हा ऑक्सिजन मोजायचं यंत्र तालमीत नव्हतं. पण तालमीत जे चालायचं त्यात विज्ञान नव्हतं असं कोण म्हणेल? जोर मारताना खांदा, कोपर, कंबर आणि पाठ एका लयीत काम करतात. आखाडा खणताना ओढ आणि कमरेचं वळण एकत्र येतं, आणि कुस्तीत नेमकं तेच लागतं. तासभर जोडीदारांशी लढत हे तर सगळ्यात खेळाला धरून असलेलं शिक्षण. ज्याला अभ्यासक्रमात ‘विशिष्टतेचं तत्त्व’ म्हणतात ते वस्ताद रोज सकाळी पाळतात.

कुठं कमी पडतं? हजार बैठका मारणाऱ्याच्या मांड्या दमाला पक्क्या होतात, पण अंगावरचं ओझं तेच राहतं. भार वाढला नाही तर कमाल ताकद एका टप्प्यावर थांबते. शिवाय मातीतली कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती शरीराकडून वेगळं मागतात. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मधे फक्त ३० सेकंदांची विश्रांती. या वेळात स्नायूंमध्ये लॅक्टेट (जोरकस श्रमात तयार होणारं द्रव्य) झपाट्यानं वाढतं आणि पकड ढिली पडते. ३० सेकंद पूर्ण जोर लावायला लावणारी विंगेट चाचणी हातांनी फिरवायच्या यंत्रावर घेतली तर कुणाची ताकद कितव्या सेकंदाला घसरते ते दिसतं. वस्तादांना हे डोळ्यांनी दिसतं, पण पन्नास पोरांचं रोज लक्षात ठेवता येत नाही. तुझी वही तिथं कामाची.

विज्ञान सगळ्यात आधी जिथं यायला हवं, ते वजन उतरवणं. पाणी तोडायचं, अंगात दोन-दोन जॅकेट घालून पळायचं, रात्रभर थुंकत बसायचं. हे तू बघितलं असशील, केलंही असशील. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत साधारण महिन्याभरात कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथं नियम झाले: हंगामाच्या सुरुवातीला लघवीची तपासणी करून अंगात पाणी पुरेसं आहे याची खात्री करायची, मग चरबी मोजून प्रत्येकाचं किमान वजन ठरवायचं, आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवू द्यायचं नाही. म्हणजे ७० किलोच्या पोरानं आठवड्याला जास्तीत जास्त किलोभर. विनेश फोगट पॅरिसमध्ये अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅमनं बाद झाली ते साऱ्या देशानं पाहिलं. आता आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं, त्यामुळं ‘आज उतरवू, रात्री भरून काढू’ हे गणित मोडलंय.

वस्तादांशी वाद घालू नकोस. त्यांना विचार, ‘वस्ताद, तुमच्या मते या आठवड्यात कोण दमलाय?’ त्यांनी नाव घेतलं की त्या पोराचं सकाळचं वजन, झोप, पकडीची ताकद लिहून काढ. महिन्यानं दोन्ही समोरासमोर ठेव. बहुतेक वेळा वस्ताद बरोबर निघतील, आणि ते बरोबर निघालेलं तूच त्यांना आकड्यांत दाखवलंस तर जिथं ते चुकतील तिथं तुझं ऐकतील.

आर्ट्सला आहे. मला दार बंद आहे का? (विद्यार्थिनी, कागल)

बी.एस्सी.चं बहुतेक ठिकाणी बंद, बाकीची उघडी. बी.पी.ई.एस. ही शारीरिक शिक्षण आणि क्रीडा या विषयांची तीन वर्षांची पदवी कुठल्याही शाखेतून करता येते. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलंस तर क्रीडामानसशास्त्राकडे जाता येतं. इंफाळच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात त्यात एम.ए. आहे. राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत यांच्या गावात नेमबाजांच्या मनाचा अभ्यास करणारी माणसं हवीतच.

झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढं क्रीडाविज्ञानात एम.एस्सी. करायची आहे, जमलं तर परदेशात. आत्तापासून काय करू? आणि या क्षेत्रात मुलींना जागा आहे का? (विद्यार्थिनी, गडहिंग्लज)

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. जागा आहे, आणि गरज त्याहून मोठी आहे. व्यायामावरच्या संशोधनात पुरुषच जास्त तपासले गेलेत. पाळी, कमी खाणं आणि जास्त सराव यांचा हाडांवर होणारा परिणाम हा विषय आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये ठळकपणे मांडला. आपल्याकडच्या कुस्ती आणि ॲथलेटिक्सच्या मुली पाळी थांबली तर ‘बरंच झालं, स्पर्धेत अडचण नको’ म्हणतात आणि कुणाला सांगत नाहीत. खरं तर शरीराला पुरेसं अन्न मिळत नसल्याची ती खूण असू शकते. पुरुष प्रशिक्षकाला हे विचारणं अवघड जातं. तू विचारू शकशील.

आता तयारी. संख्याशास्त्र आत्ताच नीट शिक, एम.एस्सी.ला मुलं तिथंच अडखळतात. आणि एक छोटा प्रकल्प कर, त्याला यंत्र लागत नाही. गडहिंग्लजला फुटबॉल आहेच. सामन्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत खेळाडूंचं वजन घे. मधे प्यायलेलं पाणी मोज. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट झाली तर दमावर परिणाम व्हायला लागतो. जानेवारीतले सामने आणि एप्रिलमधले सामने यांची तुलना केलीस तर तुझ्याकडे प्रवेशाच्या अर्जात लिहिण्यासारखं स्वतःचं काम असेल. खेळाडूंची, आणि लहान असतील तर पालकांची, लेखी संमती घे. प्राध्यापकांना मार्गदर्शक म्हणून सामील करून घे.

देशात मणिपालची एम.एस्सी., अमृतसरचं गुरू नानक देव विद्यापीठ, ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था ही नावं बघ. पुण्यात बालेवाडीला राज्याचं आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ आहे, त्याचा कायदा २०२० चा; तिथं यंदा कुठले वर्ग भरताहेत ते प्रत्यक्ष जाऊन बघ. कुठंही गेलीस तरी प्रयोगशाळा दाखवा म्हण. यंत्रावरची धूळ माहितीपत्रकापेक्षा खरं बोलते. विद्यार्थी स्वतः चाचणी घेतात की फक्त बघतात, हे आधीच्या वर्षाच्या मुलींना विचार.

इंग्लंडात एम.एस्सी. साधारण एका वर्षात होते आणि लफबरासारखी विद्यापीठं या विषयात नावाजलेली आहेत. पण वर्ष छोटं असल्यानं शिकावू काम करायला वेळ कमी मिळतो. ऑस्ट्रेलियात अभ्यासक्रमाला तिथल्या व्यावसायिक संस्थेची मान्यता आहे का ते बघूनच अर्ज कर, नाहीतर पदवी हातात आणि कामाची परवानगी नाही, अशी वेळ येते. कर्ज काढून जाणार असशील तर आधी इथं एखाद्या संघाबरोबर एक हंगाम काम कर.

जिममध्ये काम करतो. सहा आठवड्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेट घेतलं तर ‘स्पोर्ट्स सायंटिस्ट’ लावता येईल का? (राजारामपुरी)

नाही. ट्रेनर म्हणा, तो मानाचा शब्द आहे. सर्टिफिकेट जरूर घ्या, त्याआधी सीपीआर (हृदय थांबलं तर छाती दाबून करायचा प्रथमोपचार) शिका. गुडघेदुखी, छातीत दुखणं, चक्कर असलं काही कुणी सांगितलं तर व्यायाम थांबवून डॉक्टरकडे पाठवा. आणि स्पर्धेत उतरणाऱ्या पोरांना पावडरचे डबे देताना जपा. अंगात बंदी असलेलं द्रव्य सापडलं तर ते कुठून आलं याची जबाबदारी खेळाडूचीच धरतात, मग डबा तुम्ही दिलेला असो की कुणी. ‘वाडा’ची, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, बंदीची यादी दर १ जानेवारीला नव्यानं लागू होते, ती भिंतीवर लावा. पोरानं स्वतः विकत आणलेलं असेल तर पावती आणि बॅच नंबरचा फोटो काढून ठेवायला सांगा, आणि डब्यात थोडी पावडर शिल्लक ठेव, डबा फेकू नको म्हणावं.