सत्तरीतल्या माणसाला उघड्या टपाच्या बसमधून मुंबईची संध्याकाळ दाखवावी का?

ताई, तुम्ही विचारलंय की दिवाळीनंतर कापसाचा पहिला वेचा घरात आला की मामाजींना मुंबई दाखवायला न्यायचं आहे. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे कुरकुरतात. कुणीतरी सांगितलं की संध्याकाळी उघड्या टपाच्या बसमध्ये बसलं की मोठमोठ्या इमारती तासाभरात बघून होतात. तर ते करावं का, त्यांना झेपेल का, आणि पैसे पाण्यात तर जाणार नाहीत ना?

करावं आणि झेपतं. मी हिंगणघाट तालुक्यातला, म्हणजे तुमच्या यवतमाळला लागूनच. माझ्या बाबांना मी असाच घेऊन गेलो होतो. त्यांचेही गुडघे तसेच, आणि मुंबई म्हणजे टाटा हॉस्पिटल नाहीतर मंत्रालय, तिसरं काम नाही, ही त्यांची समजूत.

पण आधी बसचं सांगतो, नाहीतर जुन्या माहितीवर निघाल. लोक जिचं कौतुक सांगतात ती 'निलांबरी', वरचा मजला पूर्ण उघडा असलेली बेस्टची डबलडेकर. शनिवार-रविवारी संध्याकाळी गेटवेवरून निघायची. मुंबईत डबलडेकर १९३७ पासून होत्या. जुन्या डिझेलच्या डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाल्या आणि उघड्या बसची शेवटची फेरी ५ ऑक्टोबर २०२३ ला झाली. आम्ही बसलो ते त्याआधी. म्हणून रेल्वेचं तिकीट काढायच्या आधी एमटीडीसीला, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाला, फोन करून त्या आठवड्यात उघडी बस कोणती, किती वाजता, कुठून, हे पक्कं विचारा. नसलीच तर फेब्रुवारी २०२३ पासून बेस्टनं विजेवरच्या एसी डबलडेकर आणल्यात, त्यातली पहिली ए-११५ सीएसएमटी स्टेशन ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए नाट्यगृह अशी सुरू झाली. तिच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची जागा धरा. वारा लागत नाही, काचेआडून बघावं लागतं, पण उंची तीच मिळते. खाली जे लिहितो ते रस्त्याचं आणि उजेडाचं आहे. बस बदलली तरी ते बदलत नाही.

सगळा खेळ वेळेचा आहे. मुंबई आपल्या बरीच पश्चिमेला, त्यामुळं तिथं सूर्य आपल्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं उशिरा मावळतो. आपल्याकडं ढोरं गोठ्यात बांधून होतात तेव्हा तिथं अजून ऊन असतं. तरी दिवाळीनंतर तिथंही सहाच्या आसपास सूर्य बुडतो, आणि साडेसहाची फेरी घेतली तर फक्त दिवे दिसतात. आम्ही लग्नसराई आटोपल्यावर मे महिन्यात गेलो होतो. तेव्हा सूर्य सातनंतर मावळतो, म्हणून अर्धी फेरी उन्हात झाली आणि अर्धी दिव्यांत. माझ्या मते खरी मजा या अदलाबदलीत आहे. नुसते दिवे बघायचे तर नागपुरातही आहेत. तुम्ही नोव्हेंबरात जाणार, तर पाचच्या आसपासचं काहीतरी शोधा. नसेल तर आधी पायी ओव्हल मैदान गाठा आणि बस नंतर घ्या. ओव्हलच का, ते पुढं येतं.

आणि गेटवेवर सूर्यास्त बघायला थांबू नका. तिथला समुद्र पूर्वेचा, बंदराकडचा. पश्चिमेचा समुद्र मरीन ड्राइव्हला. संध्याकाळी गेटवेच्या कठड्यावर सूर्य शोधणारी माणसं मी पाहिली आहेत. तो बिचारा त्यांच्या पाठीमागं, ताजच्याही मागं बुडत असतो.

आता फेरीचं. वरच्या मजल्याचं तिकीट दीडशे आणि खालच्याचं पंचाहत्तर होतं. बाबा म्हणाले, "आपल्याकडं काळीपिवळी जीपच्या टपावर बसलं तं पोलीस पावती फाडते, अन् इथं टपावर बसाचे डबल पैसे?" तरी चढले. जिना अरुंद आणि उभा असतो. एकानं पुढं, एकानं मागं राहायचं आणि मधे म्हातारा माणूस, घाई न करता. रांगेत आधी उभं राहा म्हणजे मागून रेटारेटी होत नाही. पैसे वाचवायला खाली बसवू नका, खालून फक्त टॅक्स्यांचे टप दिसतात.

विधान भवन, मंत्रालय हे पटापट जातं. मंत्रालय दिसल्यावर बाबांनी "कर्जमाफी इथूनच होते नं?" एवढंच विचारलं. मग बस मरीन ड्राइव्हला लागली. उत्तरेकडं जाताना समुद्र डाव्या हाताला, म्हणून डावीकडची जागा धरा. वारा जबरदस्त असतो. टोपी खिशात घाला, बायांनी दुपट्टा गाठ मारून बांधावा. सूर्य पाण्यावर टेकलेला होता आणि बसमधले सगळे मोबाइल तिकडं वळले होते. छान दिसतं, नाही असं नाही. पण फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं आहे, त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

खरी जागा चर्चगेटवरून पुढं, ओव्हल मैदानाच्या बाजूनं. मैदानाच्या पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या, समुद्र बुजवून काढलेल्या जमिनीवरच्या आर्ट डेको शैलीच्या इमारती आहेत. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवरची रांग. दोन्ही रांगा मिळून २०१८ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. पूर्वेच्या इमारती बांधल्या तेव्हा त्यांच्यासमोर समुद्र होता, म्हणून त्यांची तोंडं पश्चिमेकडं. याचा फायदा आपल्याला आज होतो. मावळतीचं ऊन मैदान ओलांडून सरळ त्यांच्या तोंडावर पडतं. विद्यापीठाचा पिवळसर दगड उजळतो, आणि शेजारचं हायकोर्ट काळ्या दगडाचं, ते त्या उन्हातही काळंच राहतं.

हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा. आपल्याकडची कापसाची काळी जमीन बहुतेक याच खडकाची झिजून झालेली आहे. हे बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ कोर्टाकडं बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे हा आपल्या वावराचा आजा."

आणि मग टॉवर. जायच्या आधी मी थोडं वाचून ठेवलं होतं, कारण बाबा प्रश्न विचारतात आणि उत्तर नसलं की चिडतात. तुम्हीही मामाजींसाठी एवढं लक्षात ठेवा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिथल्या दक्षिणेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग इंग्रजांनी हिंदुस्थानाकडं मोर्चा वळवला, आणि कापूस म्हटलं की गुजरातसोबत वऱ्हाड आणि आपलं वर्ध्याचं खोरं आलंच. हिंगणघाटच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात वेगळं नाव होतं. तेव्हा रेल्वे नागपूरपर्यंत आलेली नव्हती, ती आली १८६७ ला. त्याआधी बैलबंड्यांवर लादून कापूस रुळापर्यंत न्यायचा. मुंबईत भाव आभाळाला भिडले. त्या धंद्यात प्रेमचंद रायचंद नावाचे व्यापारी अफाट श्रीमंत झाले. त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. मनोऱ्याला आईचं नाव दिलं, राजाबाई. आराखडा लंडनच्या गिल्बर्ट स्कॉटचा, काम १८७८ ला पुरं झालं, उंची २८० फूट.

असं सांगतात की राजाबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि त्या जैन, म्हणजे सूर्यास्ताच्या आत जेवायचा नेम. टॉवरची घंटा ऐकून त्यांना वेळ कळायची. खरं-खोटं काही असो, मावळतीच्या वेळी त्या घड्याळाखालून जाताना सांगायला याच्यापेक्षा चांगली गोष्ट नाही.

बाबांनी हिशेब लावला. "लढाई अमेरिकेत, कापूस आपला, अन् घड्याळ मुंबईत." मी पुढचं सांगितलं. १८६५ ला युद्ध थांबलं, भाव एकदम कोसळला, समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर कागद झाले आणि खुद्द प्रेमचंदांचं दिवाळं निघालं. तेव्हा बाबा त्या फेरीत पहिल्यांदा मोकळे हसले. भाव पडल्यावर व्यापारीही पडतो, हे ऐकायला मिळालं म्हणून असेल.

ताई, माझं म्हणणं एवढंच आहे. मामाजींना 'ही फलाणी इमारत, ही ढिकाणी' असं दाखवत गेलात तर ते अर्ध्या रस्त्यात डुलक्या घेतील. त्यांना कापसाचा माग दाखवा. दक्षिण मुंबईत तो पावलोपावली आहे, आणि उंचावर बसलं की नीट दिसतो.

सीएसएमटीला पोचेपर्यंत अंधार पडतो आणि इमारतीवर दिवे लागतात. हे स्टेशन म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं तेव्हाचं मुख्यालय, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सनं बांधलेलं, १८७८ ला सुरू होऊन दहा वर्षं काम चाललं. आपल्याकडचा कापूस मुंबईत आणणारी रेल्वे तीच. तुमच्या यवतमाळची शकुंतला, म्हणजे ती अरुंद रुळांची गाडी, मूर्तिजापूरला याच मोठ्या लाइनला येऊन मिळायची, हे तर मामाजी तुम्हालाच सांगतील. समोरच्या कोपऱ्यावरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. मला तीच जास्त आवडली, पण हा ज्याच्या त्याच्या नजरेचा भाग.

परतीत हॉर्निमन सर्कलला एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल लागतो, १८३३ चा. पांढरे खांब, खाली लांबच लांब पायऱ्या. इथला गोल बगीचा नंतरचा. त्याआधी तिथं मोकळं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गाठींचे ढीग लागायचे. १८४४ ला तो बाजार कुलाब्याला हलवला. बाजार समितीच्या यार्डात रात्र काढलेल्या माणसाला हे लगेच डोळ्यांपुढं येतं. बाबांनी विचारलं, "ओलावा किती टक्के धरत होते?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

शेवटी पुन्हा गेटवे आणि ताज. गेटवे १९२४ चा, सगळ्यांना माहीत असतो. ताज १९०३ चा, जमशेटजी टाटांनी बांधलेला. पण त्याच्या आधी, १ जानेवारी १८७७ ला, याच जमशेटजींनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली होती. मुंबईत सगळे गिरण्या काढत असताना हा माणूस नागपूरला आला, कारण कापूस तिथं पिकत होता. टाटांच्या मोठ्या उद्योगाची सुरुवात त्या गिरणीनं झाली. आमच्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी लोक गाव सोडून तिथं कामाला लागले होते. ताजचे दिवे बघताना बाबा म्हणाले, "यात आपलीही एखादी वीट असन." मी म्हटलं, असेल.

आता बारीकसारीक. पाणी सोबत ठेवा, पण चढायच्या आधी लघवीला जाऊन या, बसमध्ये सोय नसते. नोव्हेंबरात पाऊस नसतो, जूननंतर मात्र उघड्या बसचा विचारही करू नका. बोलायचं ते बस सिग्नलला थांबली की बोला, चालत्या बसमध्ये वाऱ्यानं ऐकू जात नाही. आणि जिन्याला गुडघे नाहीच म्हणाले तर हट्ट करू नका. चर्चगेट स्टेशनला उतरा, ओव्हल मैदान तिथून पाच-दहा मिनिटांवर आहे. मैदानाच्या मधून पायवाट जाते. सूर्याकडं पाठ करून, टॉवरकडं तोंड करून उभं राहायचं. त्याला तिकीट नाही.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर हार्बर लाइननं कॉटन ग्रीन स्टेशनला एक चक्कर मारा. कुलाब्यानंतर कापसाचा बाजार तिकडं गेला, जुनी कॉटन एक्स्चेंजची इमारत तिथं आहे. बाकीच्या घरच्यांना कंटाळा येईल, मामाजींना येणार नाही.

राहिलं परतीचं तिकीट. विदर्भ एक्सप्रेस सीएसएमटीवरून संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते, अमरावतीची गाडी त्यानंतर तासाभरात. बसची संध्याकाळ आणि गाडी एकाच दिवशी ठेवलीत तर सगळी फेरी घड्याळाकडं बघण्यात जाईल. आदल्या दिवशी बस, दुसऱ्या दिवशी कॉटन ग्रीन आणि मग गाडी, असं ठेवा. धामणगावला उतरणार असाल तर पहाटे घ्यायला येणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, त्या वेळी यवतमाळकडं जायला वाहन पटकन मिळत नाही.