बीभत्स, भीषण, विदारक, थरारक : अपघाताच्या बातमीत कोणता शब्द?

प्रश्न असा आला आहे : एकाच रस्ता अपघाताची बातमी चार ठिकाणी वाचली. एकीकडे ‘भीषण अपघात’, दुसरीकडे ‘थरारक अपघात’, तिसरीकडे ‘हृदयद्रावक घटना’ आणि चौथीकडे ‘बिभत्स अवस्थेतील मृतदेह’. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि ‘बिभत्स’ बरोबर की ‘बीभत्स’?

आधी लेखनाचं सांगतो. बरोबर रूप ‘बीभत्स’, ‘ब’ला दुसरी वेलांटी. शब्द ‘बध्’ या धातूवरून आला आहे. पाणिनीने मान्, बध्, दान् आणि शान् हे चार धातू एकाच सूत्रात बांधले आहेत. त्यांचं द्वित्व होताना, म्हणजे धातूचं पहिलं अक्षर दोनदा येताना, पहिल्या अक्षराचा स्वर दीर्घ होतो. मान्‌वरून ‘मीमांसा’ आणि बध्‌वरून ‘बीभत्स’. मीमांसेतला ‘मी’ ऱ्हस्व लिहावा असं कुणाच्या मनात येत नाही, मग ‘बी’ तरी ऱ्हस्व का लिहावा? ‘विभत्स’ हेही दिसतं. हिंदीत ‘वीभत्स’ रूढ आहे, त्याची ही छाया असावी. मराठीत ते नको.

आता अर्थ. ‘भीषण’ हा ‘भी’ म्हणजे भिणे या धातूच्या घरातला. भय, भीती, भीम, भीष्म, भयानक ही सगळी त्याची भावंडं. भीषण म्हणजे भिववणारं. तो घटनेचा आवाका सांगतो, म्हणून अपघात, आग, पूर, दुष्काळ, युद्ध यांना तो बिनधोक लागतो. १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी होरपळून गेले. त्या अपघाताला भीषण म्हणण्यात काहीच चूक नाही. मात्र दोन दुचाक्या घासल्या तरी ‘भीषण’ छापायची सवय लागली आहे, त्यामुळे खऱ्या भीषण प्रसंगी या शब्दात जीव उरत नाही.

‘थरारक’बद्दल माझं मत ठाम आहे : मरणाच्या बातमीत हा शब्द वापरू नये. त्याचं मूळ भीतीचंच आहे, थरथर आणि थरकाप याच कुळातले. पण आज आपण थरार म्हणतो तो शेवटच्या षटकाचा, दहीहंडीचा, सर्कशीतल्या चित्तथरारक कसरतींचा. पाहणाऱ्याला मिळालेली मजा त्या शब्दात मुरली आहे. ‘खुनाचा थरार सीसीटीव्हीत कैद’ असा मथळा वाचला की मेलेल्या माणसाच्या आईच्या डोळ्यांपुढे तो आला असेल, याचा विचार मथळा देणाऱ्याने केला नाही हे कळतं. शब्द कोशात शोधला तर निर्दोष ठरेल. वापरात तो निर्दोष राहिलेला नाही.

‘हृदयद्रावक’ आणि ‘विदारक’ यांत मात्र सूक्ष्म फरक आहे आणि तो जपण्यासारखा आहे. द्रावक म्हणजे वितळवणारं. ऐकणाऱ्याचं मन पाघळतं, डोळ्यांत पाणी येतं. विदारक म्हणजे चिरणारं, फाडणारं. ‘विदीर्ण’ त्याच धातूचा. विदारक गोष्टीपुढे माणसाला रडूही येत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं ढिगाऱ्याखाली गेली. नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गावच दिसलं नाही. हे विदारक. नीट पाहिलं तर त्या एसटीच्या वाक्यात भीती किंवा दुःख सांगणारं विशेषण एकही नाही.

आता ‘बीभत्स’, कारण मूळ घोटाळा इथेच आहे. बध्‌वरून साधलेल्या या रूपाचा अर्थ किळस येणे, शिसारी येऊन दूर होणे. भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्स हा आठ रसांपैकी एक आणि त्याचा स्थायी भाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, जुगुप्सा. जुगुप्साही मजेदार शब्द आहे. तो ‘गुप्’ म्हणजे रक्षण करणे या धातूवरून आला आहे. स्वतःला एखाद्या गोष्टीपासून जपावंसं वाटणं, म्हणून तिचा तिटकारा. भरताने बीभत्साचे पोटभेदही केले आहेत. रक्त-आतडी पाहून होणारा तो क्षोभज, विष्ठा आणि किडे पाहून होणारा तो उद्वेगी. म्हणजे रक्तामांसाच्या दृश्याला बीभत्स म्हणायला शास्त्राचा आधार आहे, असं कुणी म्हणेल. पण रस हा प्रेक्षकाचा असतो आणि तो रंगभूमीवरचा असतो. रस्त्यावर पडलेला माणूस कुणाच्या रसास्वादासाठी पडलेला नाही.

महाभारतात याहून चांगला दाखला आहे. विराटपर्वात विराट राजाचा मुलगा उत्तर अर्जुनाला त्याच्या दहा नावांचा अर्थ विचारतो. त्यांतलं एक नाव ‘बीभत्सु’. अर्जुन सांगतो, युद्ध करताना मी कधीही बीभत्स कर्म करत नाही, म्हणून देव आणि माणसं मला या नावाने ओळखतात. रणांगणावर रक्त तर सांडणारच होतं, तरी अर्जुनाच्या लेखी बीभत्स असतं ते कर्म. मराठीनेही पुढे हीच वाट धरली. बीभत्स शिव्या, बीभत्स हावभाव, बीभत्स वर्तन असं आपण म्हणतो, आणि प्रत्येक वेळी दोष करणाऱ्याच्या अंगी लागतो.

म्हणून ‘बीभत्स अवस्थेतील मृतदेह’ मला खटकतो. ज्याच्यावरून ट्रक गेला त्याने किळस यावी असं काहीही केलेलं नाही. त्याचा देह छिन्नविच्छिन्न झाला, चिरडला गेला, ओळख पटण्यापलीकडे गेला, असं म्हणावं. मृतदेहाची विटंबना करणं बीभत्स. मदत न करता मोबाइल धरून चित्रण करत राहणं आणि ते पुढे धाडणं, तेही बीभत्स.

कलेत या शब्दाला पूर्ण मोकळीक आहे आणि असायलाच हवी. विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ डॉ. श्रीराम लागूंनी १९७०मध्ये रंगमंचावर आणलं, तेव्हा गर्भपातानंतर माणिकच्या साडीवर दिसणारा रक्ताचा लाल डाग सेन्सॉरला मानवला नाही. तेव्हा डाग निळा करण्यात आला, आणि हा निळा डाग लाल समजावा अशी सूचना प्रयोगाआधी प्रेक्षकांना दिली जाऊ लागली. मला या प्रसंगात एक गोष्ट फार विलक्षण वाटते : भरताने रौद्राचा रंग लाल सांगितला आहे आणि बीभत्साचा निळा. सेन्सॉरमुळे आलेला रंग शास्त्राप्रमाणे नेमका त्याच रसाचा निघाला. आणि तिथेही बीभत्स ती बाई नव्हती, तिच्या पोटावर लाथा मारणारे तिचे भाऊ होते.

विशेषणांपेक्षा मराठीची क्रियापदं जास्त समर्थ आहेत, हेही सांगायला हवं. होरपळणे, चिरडणे, गाडले जाणे, गुदमरणे. २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर जे झालं त्याला ‘चेंगराचेंगरी’ म्हटल्यावर पुढे ‘भयावह’ जोडून काय वाढतं? उलट ‘काळाने घाला घातला’ हा वाक्प्रचार टाळलेला बरा. घाला घालणारा काळ म्हटला की फुटलेला टायर, झोप न झालेला चालक, अरुंद जिना हे सगळे सुटतात.

तेव्हा चौथ्या बातमीतलं ‘ट्रकखाली सापडलेल्या तरुणाचा मृतदेह बिभत्स अवस्थेत आढळला’ हे वाक्य मी असं लिहीन : ‘भरधाव ट्रकने चिरडल्याने तरुण जागीच ठार झाला.’ ट्रक भरधाव होता हे पोलिसांनी सांगितलं असेल तरच ‘भरधाव’ ठेवावा.