बर्न-जोन्स बघायला सुरुवात करताय? मग एवढं करा

बर्न-जोन्सची चित्रं बघायला सुरुवात कुठून करावी, हा तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. एडवर्ड बर्न-जोन्स (१८३३–१८९८) या इंग्लिश चित्रकाराचं काम अफाट आहे, सगळं एकदम बघायला जाऊ नका. पहिला महिना एकाच मालिकेला द्या: इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम संग्रहालयातली पिग्मॅलियनची चार चित्रं. पिग्मॅलियन हा ग्रीक पुराणातला शिल्पकार; स्वतःच घडवलेल्या स्त्रीच्या पुतळ्याच्या तो प्रेमात पडतो आणि पुतळा जिवंत होतो. ही गोष्ट आधी वाचून घ्या. शेवटच्या चित्रात पिग्मॅलियन गुडघे टेकून जिवंत झालेल्या तिचे हात धरतो, पण तिची नजर त्याच्यावर नाहीच. इथे थांबा, घाई नको. बर्न-जोन्सचं सगळं मर्म मला इथेच दिसतं.

नवख्यांच्या हमखास होणाऱ्या चुका:

- चेहऱ्यावर भावना शोधणं. चेहरे शांतच असतात. हात, मान आणि कपड्यांच्या चुण्या बघा.
- त्याला १८४८च्या मूळ प्री-रॅफेलाइट गटात (राफाएलच्या आधीच्या चित्रकलेकडे वळू पाहणारे तरुण इंग्लिश चित्रकार) धरणं. तेव्हा तो शाळकरी मुलगा होता. त्या गटातला चित्रकार रोसेटी याचं मार्गदर्शन त्याला पुढे मिळालं.
- रेखाटनांना कच्चं काम समजून पुढे जाणं. ती आवर्जून बघाच.

काचचित्रांसाठी बर्मिंगहॅमचं सेंट फिलिप्स कॅथेड्रल गाठा, तेही दिवसाउजेडी. आराखडे त्याचे, काचकाम त्याचा मित्र, डिझायनर विल्यम मॉरिसच्या कंपनीचं. ‘अंतिम न्याय’ (१८९७) या खिडकीत वर देवदूत, खाली भेदरलेली माणसं आणि मधे कोसळणारं शहर आहे. शिशाच्या काळ्या पट्ट्या नुसते सांधे म्हणून सोडू नका, त्या आकृत्यांच्या रेषांसोबत कशा धावतात ते बघा.

ग्रीक वीर पर्सियसवरची त्याची चित्रमालिका आत्ताच नको. पिग्मॅलियन पचला की विचारा, सविस्तर सांगेन.